दिवसाच्या दोन झोपा : आठ महिन्यांपुढच्या बाळाचं झोपेचं गणित कसं बसवावं

कोकणात दुपारचं जेवण उरकलं की सगळं घर आडवं होतं. नेमकं तेव्हाच आठ-नऊ महिन्यांचं बाळ टक्क जागं असतं. मग दिवेलागणीला ते गाढ झोपतं आणि रात्री अकरापर्यंत घराला जागवतं. कुणी म्हणतं दात येतायत, कुणी मीठ-मोहरी ओवाळून टाकतं. दात येत असतीलही, पण बऱ्याचदा मूळ कारण साधं असतं. दोन झोपांमधलं अंतर चुकलेलं असतं.

बाळ जागं असतं तेव्हा त्याच्या मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि झोपेत ते ओसरतं. ते पुरेसं साचलं की झोप लागते. लहान मुलांमध्ये हे मोठ्यांपेक्षा लवकर होतं. शरीराचं दुसरं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं. झोप लवकर लादली तर बाळ पाळण्यात खेळत बसतं, फार लांबवली तर दमून चेकाळतं आणि मग कुणालाच आवरत नाही. म्हणून मधली वेळ साधायची.

आधी नोंद करा

तीन-चार दिवस काहीही बदलू नका. कॅलेंडरच्या त्या-त्या तारखेच्या चौकोनात बाळ कधी उठलं, कधी झोपलं एवढंच लिहा. आजी, आत्या, काकी, ज्यांच्या हाती बाळ असेल त्या सगळ्यांनी लिहायचं. सकाळची डुलकी आजीच्या मांडीवर झाली आणि आईला पत्ताच नाही, हे एकत्र कुटुंबात नेहमीचं आहे आणि गणित तिथेच चुकतं.

नोंद झाली की चोवीस तासांची बेरीज करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते, तर 1 ते 2 वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास. बेरीज यात बसत असेल तर झोप कमी नाही, फक्त चुकीच्या जागी आहे.

घड्याळ नको, उठल्यापासून मोजा

सहा ते आठ महिन्यांचं बाळ साधारण 2 ते 3 तास जागं राहू शकतं, नऊ ते बारा महिन्यांचं 3 ते 4 तास. सकाळचा पहिला टप्पा सगळ्यात छोटा आणि रात्रीच्या आधीचा सगळ्यात मोठा असावा. हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक मूल अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे असतं.

दहा महिन्यांच्या बाळाचा दिवस असा बसतो : साडेसहाला उठलं की लगेच खळ्यात किंवा पडवीत उजेडात आणायचं. नाश्ता, अंघोळ आणि साडेनऊला पहिली झोप, पावणेअकरापर्यंत. मग पेज किंवा मऊ भात, भरपूर रांगणं, उभं राहणं. दोनला दुसरी झोप, साडेतीनपर्यंत. रात्रीची झोप साडेसातला.

दुसरी झोप घराच्या वामकुक्षीबरोबर येते, हा आपल्याकडचा मोठा फायदा आहे. तेव्हा रस्ताही शांत, मासेवालीची हाकही येऊन गेलेली. पहिली झोप पुढे-मागे झाली तरी चालेल, ही दुपारची मात्र जपा.

साडेचारनंतरची झोप शक्यतो नकोच. दुपार बिघडली आणि बाळ सहालाच मान टाकायला लागलं, तर लांब झोपू देण्यापेक्षा रात्रीची झोप पावणेसातला आणा. एकदम सगळं बदलू नका. दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं सरकवा, सकाळी उठायची वेळ मात्र तीच ठेवा.

खुणा ओळखा

डोळे चोळणं, जांभई सगळ्यांनाच दिसते. त्याआधीची खूण जास्त उपयोगाची. जमिनीवर वाटी आपटत बसलेलं बाळ अचानक आपटायचं थांबतं. वाटी हातात तशीच, बोटं सैल, नजर फिरत्या पंख्यावर खिळलेली, हाक मारली तरी वळत नाही. टप्पा पूर्ण होत आलेला असेल तर तेव्हाच उचला. पाठ ताणून रडायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

जागा आणि सवयी

माजघरासारखी काळोखी, थंड खोली दिवसाच्या झोपेला उत्तम. पत्र्यावर पाऊस कोसळला तरी तो एकसुरी आवाज बहुतेक बाळांना त्रास देत नाही, भांडी वाजलेली मात्र दचकवतात. मे महिन्यात लाईट गेली तर पातळ सुती झबलं पुरे, टोपी-मोजे काढून ठेवा.

बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा. पहिलं वर्षभर उशी नको, राईचीसुद्धा नको. झोळी मला स्वतःला प्रिय आहे, पण बाळ बसायला, कडेला धरून उठायला लागलं की ती बंद करायलाच हवी. त्यातून पडण्याचा धोका खरा आहे. आणि एक कळकळीची विनंती : झोप यावी म्हणून जायफळ उगाळून चाटवू नका. झाड आपल्याच बागेतलं असलं तरी त्यातले घटक जास्त झाले तर विषारी ठरतात आणि एवढ्याशा जिवाला 'जास्त' म्हणजे किती हे सहाणेवर मोजता येत नाही.

बाळ चाळीस मिनिटांत उठत असेल तर लगेच उचलू नका. झोपेचं एक आवर्तन साधारण तेवढंच असतं. चार-पाच मिनिटं थांबलं, हलकं थोपटलं तर पुष्कळदा पुन्हा डोळा लागतो.

गणपतीत पाहुणे, आरत्या, रात्रीची भजनं असणारच. त्या दिवसांत एक झोप खांद्यावर झाली तरी हरकत नाही. उठायची वेळ सांभाळा, विसर्जनानंतर दोन-चार दिवसांत घडी बसते.

दोनाची एक कधी?

साधारण 14 ते 18 महिन्यांच्या दरम्यान बाळ सकाळची झोप नाकारायला लागतं. दोन-तीन दिवस नाकारली म्हणून ती बंद करू नका, कारण चालायला शिकतानाही असं होतं. दोन आठवडे सलग नाकारत असेल तरच सकाळची झोप हळूहळू पुढे ढकला. जेवण साडेअकराला देऊन साडेबाराच्या सुमारास झोपवा. महिनाभर मूल संध्याकाळी किरकिरं राहील, तेवढे दिवस रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे घ्या.