खंडूने जवळ यावं म्हणून

चंपाषष्ठीला आमच्याकडे कुत्र्याला नैवेद्य वाढायची रीत आहे. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, आमचे खापरपणजोबा त्यांच्याच पदरी कारकुनी करायला इंदूरला आलेले; तेव्हा कुत्रा म्हणजे देवाचा सोबती. तीन वर्षांपूर्वी राजेंद्रनगरच्या आमच्या फाटकाशी ठेवलेला रोडगा आणि भरीत एका तांबूस कुत्र्यानं खाल्लं आणि तो तिथून हललाच नाही. (भरतात कांद्याची पात होती. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आता देवाच्या सोबत्याला बिनकांद्याचं.) कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. नाव खंडू.

घरात घेतल्या दिवशीच मी त्याला अंघोळ घातली. शेजारच्या मुलांना बोलावून दाखवला. रात्री तो संडासामागच्या बोळात जाऊन बसला, तो दोन दिवस बाहेर आला नाही. रस्त्यावरचं कुत्रं आणणार असाल तर माझं हे वागणं उलटं करून वापरा.

डॉक्टरांकडे आधी जा, घरी नंतर. आधी लस झाल्याचा पुरावा नसेल तर त्याला रेबीजची लस टोचून घ्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त. चावलाच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-तिखट भरत बसायचं नाही, आजी काहीही म्हणोत.

घरी आल्यावर एक कोपरा द्या, ज्याला दोनच बाजूंनी रस्ता असेल आणि जिथे कुणी त्याच्या अंगावरून ओलांडून जाणार नाही. आमच्याकडे दिवाणाखालची जागा. तिथे गेलेल्या कुत्र्याला ओढून काढायचं नाही, पाहुणे आले तरी नाही. जेवण ठरल्या वेळी. पहिले तीन दिवस तो जेवला, शी-शू केली आणि झोपला, तर भरपूर झालं. घर ओळखीचं व्हायला तीन आठवडे, मोकळा व्हायला तीन महिने, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. खंडूला पाच महिने लागले.

आता मुख्य गोष्ट. तुमच्यातलं अंतर कुत्र्यानं कमी करायचं असतं. आपण सगळे काय करतो? हातात पनीरचा तुकडा धरतो, ‘ये ये’ करतो. भूक त्याला पुढे ओढते, भीती मागे. तुकडा तोंडात जातो, भूक संपते, आणि मग त्याला कळतं की आपण एका अनोळखी माणसाच्या पायाशी उभे आहोत. नेमका तेव्हाच तो दचकून चावतो, आणि लोक म्हणतात, खाऊन उलटला.

म्हणून तुकडा त्याच्या पाठीमागे टाका. जमिनीवर बसा, त्याच्याकडे कूस करून, नजर दुसरीकडे. मी पालेभाजी निवडायला घ्यायची. तुकडा त्याच्या पलीकडे पडतो, तो लांब जाऊन खातो, सुटल्यासारखं वाटतं, आणि मग स्वतःहून वळून दोन पावलं येतो. पुन्हा मागे टाका. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. अकराव्या दिवशी त्याचं नाक माझ्या कोपराला लागलं. मी मेथी निवडत राहिले. हे म्हणाले, ‘अगं, हात तरी फिरव.’ नाही फिरवला.

हात फिरवायची वेळ येते तेव्हा हनुवटीखाली किंवा छातीवर, तीन सेकंद. मग हात मागे घ्या आणि बघा. तो टेकला तर पुन्हा. ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर तो ‘नको’ म्हणतोय. गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं दाबलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

हे शिकायच्या आधी मी एक ट्रेनर बोलावला होता. त्यानं गळ्यात आवळणारी साखळी घातली, दोन झटके दिले आणि म्हणाला, ‘काकू, कळपाचा सरदार कोण ते त्याला कळलं पाहिजे.’ खंडूनं जागीच शू केली. ही सरदाराची कल्पना १९४७ साली रूडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून मांडली. डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती जगभर नेली. आणि त्याच मेच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. ट्रेनरला दुसऱ्या दिवशी येऊ नका सांगितलं. छातीवरून बसणारा पट्टा आणला.

बशीत हात घालून ‘सवय’ लावू नका. तो जेवताना लांबून जाता जाता अंड्याचा तुकडा बशीत टाका आणि चालते व्हा. माणूस जवळ आला की बशी जड होते, एवढं त्याला कळलं की पुरे. चप्पल पळवली तर मागे धावू नका, बदल्यात काहीतरी चांगलं द्या. शेव मात्र नाही. इंदूरला येणारा प्रत्येक पाहुणा कुत्र्यापुढे शेव टाकतो आणि वर म्हणतो, ‘अरे भिया, थोडीशी तर आहे!’

आमचं सर्वांत मोठं दुखणं होतं कचऱ्याची गाडी. रोज सकाळी गाणं वाजवत येते, आणि खंडू थरथरत दिवाणाखाली. कधीतरी अशाच गाडीत घालून त्याला नेलं असेल, कोण जाणे. मी गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मागच्या खोलीत, जेमतेम ऐकू येईल इतकं हळू लावायचं. दोन सेकंदांनी पनीर. गाणं बंद, पनीर बंद. क्रम चुकवायचा नाही. पनीर आधी आलं तर पनीर दिसताच कुत्रं दचकायला लागतं. कान मागे गेले की आवाज चढवलात असं समजा, एक पायरी उतरा. पाच आठवड्यांनी तो गाणं ऐकून स्वयंपाकघराकडे बघायला लागला.

रंगपंचमीला हा उपाय करू नका. गेरच्या, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी गल्लीतही ढोल असतात, एवढ्या आवाजात काही शिकवता येत नाही. पहाटे पाचला फिरवून आणा, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला घाला, फाटकाला कुलूप लावा, पंखा आणि रेडिओ चालू ठेवा. दिवाणापुढे चादर सोडा आणि शेजारी जमिनीवर भाजी निवडत बसा.