देवाला वाहतो म्हणून निर्धास्त? बागेतल्या विषारी झाडांबाबत या चुका टाळा

नर्सरीत झाड घेताना आपण ऊन किती, पाणी किती, फुलं कधी, सगळं विचारतो. विषारी आहे का, हे मात्र विचारायचं राहून जातं. मीही कधी विचारलं नव्हतं.

फूल देवाचं, मग विष कसलं?

सगळ्यात मोठी चूक हीच. कण्हेर घरोघरी असते, पूजेला चालते, म्हणून भीती वाटत नाही. पण तिचं पान, फूल, खोड, मूळ, चीक, सगळंच विषारी, आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. आधी मळमळ, उलट्या. मग नाडी मंद किंवा अनियमित. केरळमध्ये 2024 साली एका तरुणीचा मृत्यू कण्हेरीची पानं-फुलं चावल्याने झाल्याचा संशय आला, तेव्हा तिथल्या मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादातून हे फूल वगळलं. आपणही फूल खुशाल वाहावं, पण प्रसादाच्या ताटात आणि तीर्थात पडू देऊ नये.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे वेगळं झाड, पण विष त्याच जातीचं. तिच्या बिया सर्वांत वाईट, आणि नेमक्या त्याच घेऊन आपल्यापैकी कित्येकजण लहानपणी अंगणात खेळलो! घरात रांगतं मूल असेल तर झाडाखाली पडलेली फळं रोज वेचा. मी तर म्हणेन, मूल मोठं होईपर्यंत बिट्टी लावूच नका.

छाटणी करून फांद्या तिथेच टाकणं

वाळली म्हणून कण्हेर निर्विष होत नाही. ओल्या पानाला सहसा तोंड न लावणारी गुरं-शेळ्या सुकलेली पानं मात्र खाऊन जातात. फांद्या जाळूही नका, धूर त्रासदायक असतो. खोल खड्ड्यात पुरलेल्या बऱ्या.

शोभेचं झाड मुलाच्या उंचीवर ठेवणं

डिफेनबाकिया हॉलच्या कोपऱ्यात हमखास असतो. अळू कच्चं राहिलं की घसा का खवखवतो ते आपल्याला ठाऊक आहे: कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. डिफेनबाकियात तेच, पण कितीतरी जोरात. मुलाने पान चावलं तर ओठ-जीभ सुजते, लाळ गळते. तोंड पुसा, चूळ भरायला लावा, थंड पाणी द्या. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास दिसला तर दवाखाना गाठा. मनी प्लांटही याच कुळातला. तो लोंबता ठेवण्यापेक्षा वर चढवा.

शेर किंवा त्याच्याच जातीची, पांढरा चीक येणारी इतर झाडं (युफोर्बिया) छाटताना हातमोजे घाला, चष्माही. एकदा आळस केला आणि चिकाचा हात डोळ्याला लागला. दोन दिवस डोळा लालबुंद होता. असं झालं तर चोळू नका, वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

गुंजेबद्दल एवढंच: अख्खी बी गिळली गेली तर कठीण कवचामुळे बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली मात्र घातक. वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचं दोन्ही वेळा.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं

घरातलं कुणीतरी हे सुचवतंच. करू नका. मिठाचं पाणी लहान मुलाला स्वतःच घातक ठरू शकतं, आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळा. तुपाचे, लिंबाचे प्रयोगही नकोत. तोंडातला चोथा काढा आणि ‘काही होतंय का बघू’ म्हणत न थांबता 108 ला फोन करा. किती वाजता, साधारण किती खाल्लं, ते लक्षात ठेवा. आणि झाडाची पान-फुलासकट एक डहाळी पिशवीत घालून बरोबर न्या. नुसतं ‘कण्हेर’ म्हणालात तर लाल की पिवळी, हा प्रश्न उरतोच.