स्टेरॉइडचं मलम लावताना या चुका टाळा

एकाला लिहून दिलेली ट्यूब घरातल्या दुसऱ्याला लावणं, या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आजोबांच्या तळहातांवरच्या सोरायसिससाठी क्लोबेटासोल, म्हणजे खूप तीव्र स्टेरॉइडचं मलम, दिलं होतं. तिथली कातडी जाड, त्यामुळे त्यांना ते योग्यच होतं. घरच्यांनी तेच मलम बाळाच्या जांघेत, डायपरखाली, रोज लावलं. लाली लगेच उतरली, म्हणून चालूच ठेवलं. माझ्याकडे आणलं तोवर तिथली कातडी पातळ, चकचकीत झाली होती आणि चेहरा सुजल्यासारखा गोल. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पसारा मोठा असतो, त्यात डायपरने वरून झाकलेलं, मग औषध रक्तात शिरणारच. शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणं कमी करतं, वाढसुद्धा खुंटू शकते. शिवाय अशा वेळी मलम एकदम तोडता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं. क्लोबेटासोल 12 वर्षांखालच्या मुलांना सहसा देतच नाहीत. मोठ्यांनाही सलग 2 आठवडे आणि आठवड्याला 50 ग्रॅम ही मर्यादा. मी ट्यूबवरच पेनने नाव, जागा आणि थांबवायची तारीख लिहून देतो.

नायट्यावर स्टेरॉइडचं मलम लावू नका. खाज थांबते, कडा पुसट होतात, पण बुरशी पसरत राहते. पुढे डॉक्टरलाही तो नायटा ओळखणं अवघड जातं. ‘दोन दिवसांत फरक पडला’ म्हणजे आजार बरा झाला असं नव्हे, हे उतावळ्या मंडळींना किती वेळा सांगायचं!

म्हाताऱ्या माणसांची कातडी आधीच पातळ. जास्त दिवस लावलं तर जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडतात. मधुमेह असेल आणि मोठ्या भागावर लावायचं असेल, तर साखर तपासत राहा. गरोदरपणात सौम्य मलम चालतं, तीव्र मलम भरपूर वापरलं तर बाळाचं वजन कमी भरू शकतं. पापण्यांवर मनाने कधीच लावू नका, काचबिंदूचा धोका असतो. गोरं दिसण्यासाठी चेहऱ्याला तर नाहीच नाही. मुरमं येतात, आणि सोडलं की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो.

उलट काही आईबाप हे सगळं ऐकून इतके घाबरतात की मुलाच्या एक्झिम्यावर नावापुरतं बोट टेकवतात. मूल रात्रभर खाजवतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि मोठ्या माणसाच्या, बोटांसकट, दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढं पुरतं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस तेवढं नीट लावा.