श्रीखंडाचा रिकामा डबा

अर्धा किलो श्रीखंडाचा डबा रिकामा झाला की मी तो टाकत नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर एक कायम पालथा ठेवलेला असतो, त्याखाली कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका. पावसाळ्यात भिंतीवर तळहाताएवढा चपटा, तपकिरी कोळी दिसला आणि पोरं किंचाळली, की हीच जोडी लागते. पाण्याच्या पेल्यात तो मावत नाही, पाय बाहेर राहतात.

डबा हळूहळू जवळ न्या, शेवटच्या वितीला मात्र झटकन भिंतीला टेकवा. हा कोळी खेकड्यासारखा आडवा सुटतो. एखादा पाय काठाखाली सापडलाच तर डबा जरासा सैल करा, तो आपणच पाय आत घेतो. मग भिंत आणि डबा यांच्या फटीतून पत्रिका सरकवा. पत्रिका जाडच हवी. मी एकदा वर्तमानपत्र वापरलं, ते मध्येच दुमडलं आणि कोळी माझ्या मनगटावर. चावला नाही तो, पण डबा उडाला तो थेट सासूबाईंच्या आमटीच्या पातेल्याशेजारी.

पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती धरलेली दिसली तर ती मादी आहे, चकतीत अंडी. तिला मात्र त्याच दिवशी बाहेर लाकडांच्या खोपीत पोचवा, नाहीतर शंभरावर पिल्लं घरभर होतील. एरवी माळ्यावरचा मोठा कोळी मी हलवत नाही. तो जाळं विणून बसत नाही, झुरळं मात्र खातो.

जळमटं करणारा वेगळाच. छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या लांब पायांचा, हात लावला की जाळ्यासकट थरथरणारा. त्याची सोडून दिलेली जाळी धूळ आणि धूर धरून काळी पडतात. ती काढताना कुंचा भिंतीवरून ओढू नका, काळा पट्टा उमटतो. काठी हातात फिरवत राहा, दोऱ्यासारखं जळमट कुंच्याला गुंडाळलं जातं. फडकं बांधणार असाल तर कोरडंच बांधा. आणि दसऱ्याची वाट कशाला बघायची? पंधरा दिवसांनी एकदा, जेवणं उरकल्यावर, भांडी झाकून.

पडवीत रात्रभर पांढरी ट्यूब जळत असेल तर किडे येणार, आणि किडे आले की कोळी येणारच. आम्ही तिथे मंद पिवळा दिवा लावला आणि गरजेपुरताच ठेवला, तेव्हा कुठे तिथली जाळी कमी झाली. खिडकीवर टुणटुण उड्या मारणारा, मान वळवल्यासारखा आपल्याकडे बघणारा बुटका कोळी असतो ना, त्याला तर हातच लावू नका. माश्या पकडतो बिचारा.

आता ‘कोळी मुतला’चं, म्हणजे अंगावर फोड उठले की लोक कोळ्याला दोष देतात त्याचं. ऐन श्रावणात सकाळी उठून बघतो तर यांच्या मानेवर लाल पट्टा, त्यावर बारीक फोड. शेजारणीने कडुलिंबाचा पाला वाटून लावायला लावला, दोन दिवसांत ते चिघळलं. डॉक्टरांनी सांगितलं, कोळ्याचा काही संबंध नाही. दिव्यावर येणारा मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा किडा झोपेत चिरडला गेला, त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजली. तो किडा अंगावर दिसला तर चापट मारू नका. फुंकर मारून उडवा, आणि चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येऊन ठणकत असतील तर ती नागीण असू शकते. तेव्हा पाला नको, दवाखाना गाठा.

अंगणातल्या मोठ्या पिवळ्या-काळ्या कोळणीचं एवढंच, की तिने यंदा जास्वंदीपासून कढीपत्त्यापर्यंत वाटेवरच जाळं ताणलं होतं. मी रोज संध्याकाळी काठीने एका बाजूचे धागे सोडवत गेले. चारेक दिवसांनी ती कुंपणाकडे सरकली. देवाची फुलं मी हल्ली अलीकडच्या फांदीवरची काढते.