एसी बंद पडला? आधी कुत्र्या-मांजराकडे बघा, मग मशीनकडे

माझ्याकडे लोक गावाला जाताना आपली कुत्री-मांजरं ठेवून जातात, त्यामुळे नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की फोन थांबत नाही. एक फोन असतो, "एसी थंड करत नाही, ओळखीचा मेकॅनिक आहे का?" तासाभराने त्याच घरातून दुसरा येतो, "कुत्रा फार धापा टाकतोय, काय करू?" दरवर्षी हाच उलटा क्रम. मेकॅनिक दोन दिवसांनी आला तरी मशीनचं काही बिघडत नाही. जनावराच्या हातात मात्र फार थोडा वेळ असतो.

एसीच्या भरवशावर खोली बंद करून जाणं

सगळ्यात वाईट चूक हीच. शेजारच्या कुटुंबाने आपल्या पगला, म्हणजे चपट्या नाकाच्या छोट्या कुत्र्याला, बेडरूममध्ये ठेवलं, एसी २० वर लावला, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि ते लग्नाला गेले. दुपारी लाइट गेली आणि थोड्या वेळाने आली. स्टॅबिलायझर सुरू झाला, एसी झाला नाही, कारण त्या मशीनमध्ये लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सोय चालू केलेलीच नव्हती. वर गच्ची, पश्चिमेची भिंत, हवा यायला फटही नाही. संध्याकाळी ते परतले आणि मला हाक मारली. पग आडवा पडलेला, हिरड्या विटेसारख्या लाल, तोंडातून चिकट लाळ. घरातल्या एकाने त्याला नळाखाली धरलं होतं, पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आंघोळीलाही चटके देतं. दुसऱ्याच्या हातात पॅरासिटामॉलची बाटली होती.

ती बाटली आधी काढून घेतली. उष्माघात म्हणजे ताप नव्हे, त्यावर पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. कुत्र्याला ते अपायकारक ठरू शकतं आणि मांजराचा तर एका गोळीतही जीव जाऊ शकतो. मग माझ्या घरून सकाळी भरून ठेवलेली बादली आणली, पोट, काखा, जांघा, पंजे भिजवले, समोर टेबल फॅन लावला, आणि अंग चांगलं भिजल्यावरच गाडीतून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याकडे निघालो. आधी गार करायचं, मग न्यायचं, पण न्यायचंच. उष्माघातानंतर मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा त्रास दोन-तीन दिवसांनीही उद्भवतो, म्हणून "आता बरा दिसतोय" एवढ्यावर घरी थांबू नका. तो पग वाचला.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं की धोका. गार करताना १०३ वर आलं की पाणी मारणं थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जातं. घरात कुत्रं असेल तर एक डिजिटल थर्मामीटर त्याच्या नावाने वेगळा ठेवा, तापमान गुदद्वारातून घेतात. पग, शिह त्झू, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांना धाप टाकूनही पुरेशी उष्णता बाहेर टाकता येत नाही, त्यांच्या बाबतीत अर्धा तासही थांबू नका. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते कुठल्याही जातीचं असो, लगेच निघा.

माझी सवय सांगते. एसी चालू असला तरी दार उघडंच ठेवते, म्हणजे जनावराला बाथरूमच्या फरशीपर्यंत जाता येतं. बिल थोडं वाढतं, वाढू दे. पाण्याची भांडी दोन, वेगवेगळ्या खोल्यांत. पहाटे दोन बादल्या भरून सावलीत.

"गॅस संपला असेल, भरून टाका"

हे वाक्य ऐकून मी खरंच थकले आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. जो मेकॅनिक गळती तपासत नाही, नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप न लावता नव्याने गॅस भरतो, त्याला मी परत बोलवत नाही.

आणि बऱ्याचदा गॅसचा प्रश्नच नसतो. एसी सकाळी चांगला चालतो, दुपारी तीनला फक्त वारा फेकतो आणि रात्री पुन्हा गार करतो, असं होत असेल तर बाहेरचं युनिट तापून कंप्रेसर बंद पडतोय. साधे एसी बाहेर ४३ अंश असेपर्यंत चालतील अशा बेताने बनवलेले असतात, उष्ण प्रदेशासाठीचे ५२ पर्यंत. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश होते, म्हणून इथे एसी घेताना हा आकडा विचारूनच घ्या. बाहेरच्या जाळीत धूळ आणि कबुतराची काटकी-कुटकी अडकली असेल तर मेन स्विच बंद करून साध्या पाण्याने धुवा. युनिटवर सावली करा, पण त्याची हवा अडवू नका. तीन-चार मिनिटं न थांबता पुन्हा पुन्हा बंद-चालू केलंत तर कंप्रेसर आणखी लवकर जाईल. १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही.

आतल्या कॉइलवर, म्हणजे गार होणाऱ्या नळ्यांवर, बर्फ साचला तर स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. नळीला भोक पडलं की मग खरोखरच गॅस जातो. कूलिंग बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा, बर्फ वितळू द्या, फिल्टर धुवा. तरी बर्फ आला तर मेकॅनिक.

आणखी काही

कुलर बंद खोलीत लावू नका. खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवेत कुत्र्याची धाप निरुपयोगी ठरते. लोखंडी कुलरला अर्थिंग नसेल तर तो जनावराच्या वाटेत ठेवूच नका, ओल्या फरशीवर उभ्या कुत्र्याला शॉक बसतो.

कोरड्या कुत्र्यावर नुसता पंखा पुरत नाही, कारण त्याला घाम फक्त पंजांना येतो. अंग ओलं करा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो तापतो. खाली अंथरा.

लॅब्रॉडॉर, हस्की, जर्मन शेफर्ड यांचे केस वस्तऱ्याने उडवू नका. विंचरून मेलेले केस काढा.

बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नका.

मेकॅनिक येईल तेव्हा मांजर दुसऱ्या खोलीत, दार लावून. कॉइल धुण्याचं रसायन फरशीवर गळतं आणि मांजर पंजे चाटतं. बऱ्याच एसींमध्ये असणारा आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, म्हणजे जनावराच्या नाकाच्या पातळीवर साचतो. खिडकीची जाळी काढली असेल तर ती परत बसल्याशिवाय मांजर बाहेर नको.

दुरुस्ती सकाळी झाली तर त्याच दिवशी कुत्र्याला एकटं ठेवून कामावर जाऊ नका. दुपारी तीनला, बाहेर सगळ्यात जास्त तापलेलं असताना, एसी तासभर चालतो का ते घरी राहून बघा. मग मेन स्विच पाडून पुन्हा लावा आणि एसी आपोआप सुरू होतो का तेही बघा.