दंतरोपण करताना आणि केल्यानंतर या चुका टाळा

दात काढला की दुखणे थांबते आणि ‘मागची दाढ आहे, कोणाला दिसते’ असे म्हणता म्हणता महिने निघून जातात. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या दिरंगाईत असते. दाताचे मूळ गेल्यावर तेथील जबड्याचे हाड झिजू लागते आणि ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, आणि मग इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे टायटॅनियमचे कृत्रिम मूळ, बसवण्याआधी हाडाची भर घालण्याची वेळ येऊ शकते.

माझ्या मते सर्वांत धोक्याची चूक म्हणजे दंतवैद्यांपासून औषधे लपवणे. हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांचा रक्तस्रावाशी किंवा जखम भरण्याशी थेट संबंध आहे. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी ओळखले आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर त्याचा उपयोग केला. हे एकजीव होणे साधारणपणे 3 ते 6 महिने चालते. या काळात धूम्रपान सुरू ठेवणे किंवा ‘आता काही दुखत नाही’ म्हणून त्या बाजूने कडक पदार्थ चावणे महागात पडते.

इम्प्लांटवर कॅप, म्हणजे दाताच्या आकाराचे आवरण, बसल्यानंतर काही काळाने जिभेने ढकलल्यावर ती किंचित हलते, असे जाणवले तर घाबरू नये, पण थांबूही नये. बहुतेक वेळा कॅपला इम्प्लांटशी जोडणारा आतला स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. इम्प्लांटच हलत असेल, तर हाडाची पकड सुटलेली असते आणि तो सहसा काढावाच लागतो. जिभेला हे दोन्ही सारखेच जाणवते. फरक तपासणीत आणि एक्स-रेमध्ये कळतो. तोपर्यंत त्या बाजूने चावू नये, कॅप बोटाने हलवून पाहत राहू नये आणि घरातला गोंद तर मुळीच लावू नये.

नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, त्यामुळे दाब वाढला की दात लगेच कळवतो. इम्प्लांटभोवती हा थर नसतो. म्हणूनच कॅप थोडी उंच राहिली तरी ती लवकर लक्षात येत नाही, आणि भोवतालचे हाड जंतुसंसर्गाने झिजत असतानाही अनेकदा वेदना होत नाहीत. हिरडीची सूज, घाण चव आणि ब्रशला लागलेले रक्त हीच तेव्हा खूण असते. रक्त दिसले की अनेक जण तेथे ब्रश फिरवणेच सोडतात, आणि साचलेल्या थराने सूज आणखी वाढते. त्या जागी मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा, फटीत प्लास्टिकचे आवरण असलेल्या तारेचा बारीक ब्रश वापरावा, आणि रक्त येतच राहिले तर पुढच्या नियमित तपासणीची वाट न पाहता दंतवैद्यांना दाखवावे.