‘गेट’चे अर्थ पाठ करू नका, पुढचा शब्द बघा

शब्दकोशात ‘गेट’ हे क्रियापद काढलंत तर अर्थांची लांबलचक रांग दिसते: मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे. ती पाठ करायला बसू नका. पाठ झाली तरी बोलताना हवा तो अर्थ वेळेवर आठवत नाही. त्यापेक्षा ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा. अर्थ तिथे ठरतो. मी मिरजेत संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. गाव दवाखान्यांचं, त्यामुळे वर्गात नर्स पुष्कळ. त्यांना मी पहिल्यापासून असंच शिकवते.

पुढे नाम आलं तर बहुधा ‘मिळणे’. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र मिळालं. मराठीत वाक्य ‘मला’ने सुरू होतं, इंग्रजीत तिथे ‘आय’ येऊन बसतो. मला ताप आला, मला नोकरी लागली, मला कळलं, या सगळ्यांना ‘आय गॉट’ चालतं. म्हणून मनात ‘मला’ आलं की आधी ‘गेट’ बसतो का ते तपासायची सवय लावा.

पुढे विशेषण आलं तर ‘होणे’, म्हणजे स्थिती बदलणे. ‘ही गॉट अँग्री’, तो चिडला. ‘इट इज गेटिंग डार्क’, अंधार पडायला लागलाय. इथे एक जागा नीट बघा. ‘आय गॉट कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजायला लागली. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. मधला ‘अ’ आला की ‘कोल्ड’ विशेषणाचं नाम होतं. पहिलं वाक्य बोलणाऱ्या पेशंटला पांघरूण द्यायचं, दुसऱ्याला सर्दीचं काय ते विचारायचं. वॉर्डात हा ‘अ’ कानाने पकडता आलाच पाहिजे.

पुढे ठिकाण आलं तर ‘पोचणे’. ‘वी गॉट टू द स्टेशन’. पण ‘आय गॉट होम’मध्ये ‘टू’ नाही. ‘हिअर’ आणि ‘देअर’च्या आधीही नाही. ‘रीच’ याच्या उलट, त्याला ‘टू’ कधीच नको. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘रीच्ड टू ऑफिस’ चुकीचं आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा वापर. ‘मी केस कापले’ असं आपण म्हणतो, कापलेले असतात पार्लरवालीने. त्याचं सरळ इंग्रजी ‘आय कट माय हेअर’ केलं, तर स्वतःच कात्री चालवली असा अर्थ निघू शकतो. दुसऱ्याकडून काम करून घेतलं असेल तर ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप: ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट द ब्लाउज स्टिच्ड’, ‘गेट युअर ब्लड टेस्टेड’. मनातल्या मनात ‘करून घेणे’ लावून बघा. कापून घेतले, शिवून घेतला, तपासून घ्या. ते बसलं की ‘गेट’ बसतो. क्रम मात्र बदलू नका. ‘आय गॉट कट माय हेअर’ असं वाक्य होत नाही.

माणसाला कामाला लावायचं असेल तर माणसानंतर ‘टू’ हवा: ‘आय गॉट हिम टू साइन द फॉर्म’. यात बहुतेक वेळा समजावून, पाठपुरावा करून सही घेतल्याची छटा असते. ‘मेड हिम साइन’मध्ये जबरदस्ती येते, आणि तिथे ‘टू’ नसतो.

‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. आपलं ‘-आयला मिळणं’ हुबेहूब. पण ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवं. अमेरिकन सिनेमात हेच घाईत ‘गॉटा गो’ असं ऐकू येतं.

मुलं अमेरिकेत असतील तर फोनवर ‘गॉटन’ही ऐकाल. ती चूक नाही. ब्रिटिश तिसरं रूप ‘गॉट’, अमेरिकन ‘गॉटन’. ब्रिटनमध्येही पूर्वी ‘गॉटन’ होतंच, ‘फॉरगॉटन’मध्ये ते आजही टिकून आहे. मात्र ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणायला अमेरिकनही ‘आय हॅव गॉट अ कार’च म्हणतात. ‘गॉटन’ म्हटलं तर गाडी मिळवली, घेतली असा अर्थ होतो.

बस आणि ट्रेनसाठी ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, कार आणि रिक्षासाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. आपल्याकडचं ‘गेट डाउन’ भारतात सगळ्यांना कळतं, पण लंडनच्या बसमध्ये ‘गेट ऑफ’ म्हणा.

हे सगळं बोलण्यातलं. अर्जात, बँकेच्या पत्रात ‘गेट’ शक्यतो टाळा. तिथे मिळण्याला ‘रिसीव्ह’, मिळवण्याला ‘ऑब्टेन’ आणि होण्याला ‘बिकम’ लिहा.